हप्त्याआड दडलेली किंमत

प्रतिनिधी, मुंबई

घरातील वस्तू ही केवळ गरज भागविण्यासाठी नसते, ती चारचौघांत आपले स्थान सांगण्यासाठीही असते. नायगावच्या बीडीडी चाळींना हे नवे नाही. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा १६० चौरस फुटांच्या ज्या खोलीत संच असे, तिथे शेजारपाजारची मंडळी दाटीवाटीने बसत. मान संचाच्या मालकाला मिळे, आनंद मात्र साऱ्यांच्या वाट्याला येई.

जाहिरातदारांनी हीच मानसिकता हेरली. ओनिडा कंपनीच्या त्या काळातील जाहिरातीत शिंगे आणि शेपटी असलेला सैतान झळकला. शेजाऱ्याला हेवा वाटावा आणि मालकाला अभिमान, हा तिचा संदेश होता. विकले जात होते ते चित्र नव्हे, तर शेजाऱ्याची नजर. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच अशा दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली होती.

आज संचाची जागा मोबाइलने घेतली आहे. तो एकट्याचा असतो आणि दरवर्षी येणारे नवे मॉडेल त्याला जुना ठरविते. ऐपत नसतानाही तो हाती येतो, याचे कारण मासिक हप्ता. ‘६० हजार रुपये परवडतील का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘महिना पाच हजार जमतील का?’ एवढाच उरतो.

बिनव्याजी हप्ता खरोखर बिनव्याजी असतो का? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबाबत खडसावले. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसून, प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ते ग्राहकाकडून वसूल होते, असे तिचे म्हणणे होते. त्यानंतर ‘नो कॉस्ट ईएमआय’ रूढ झाला. त्यात बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट विक्रेता किंवा कंपनी आधी देते.

उदाहरण घेऊ. क्रेडिट कार्डावर वार्षिक १५ टक्के दराने १२ हप्ते घेतले, तर पाच हजारांच्या हप्त्यांत सुमारे ४,६०० रुपये व्याज असते. सुटीमुळे ते भरून निघते. परंतु त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८३० रुपये, ग्राहकालाच भरावा लागतो. प्रक्रिया शुल्क असल्यास ते वेगळे. शिवाय रोखीने घेतल्यास मिळू शकणारी सूट हुकते. एखादा हप्ता चुकला, तर दंड आणि व्याज दोन्ही अंगावर येतात.

वित्तसंस्थेकडून कर्ज घेणाऱ्यांना एक आधार आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखविणारे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. क्रेडिट कार्डावरील देणी मात्र त्यातून वगळली आहेत. स्वाक्षरीपूर्वी तो दर वाचावा आणि रोखीची किंमत आवर्जून विचारावी.

नायगावच्या चाळकऱ्यांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. नव्या भिंतीला नवा, मोठा पडदा हवासा वाटणे स्वाभाविकच आहे. पण हेवा वाटणारा शेजारी हप्ता भरायला येत नाही. नव्या मॉडेलबरोबर वस्तूची प्रतिष्ठा संपते, हप्ते मात्र उरतात. ऋण काढून सण करू नये, हे वाडवडिलांचे सांगणे म्हणूनच आजही जुने झालेले नाही.