मासे वर का चढतात?

प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे कौतुक आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. माशाला मात्र त्यात पराक्रम वाटत नसावा. त्याच्या दृष्टीने तो पोटाचा आणि वंशाचा प्रश्न आहे.

काश्मीरमधील ट्राउट पाहा. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी हा युरोपातील मासा तेथील थंड ओढ्यांत आणला. एरवी तो दगडाच्या आडोशाला, जेथे पाण्याचा जोर कमी असतो तेथे राहतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. अंगावरील पार्श्वरेषेने त्याला पाण्याची हालचाल जाणवते. विणीचा काळ आला की तो गोट्यांच्या उथळ पात्राकडे वर चढतो. मादी शेपटीने खळगा करून त्यात अंडी घालते व ती गोट्यांखाली झाकते.

आमच्या पवनारजवळून वाहणाऱ्या धाम नदीत एवढे थंड पाणी कोठून असणार? पण वर चढण्याची ओढ आपल्याकडील माशांतही आहे. उन्हाळ्यात पात्र आटते, तेव्हा मासे डोहांत तग धरतात. पावसाळ्याचा गढूळ लोंढा आला की ते वरच्या उथळ, नव्याने भिजलेल्या काठांकडे निघतात. रोहू, कटला, मृगळ यांची अंडी कशाला चिकटत नाहीत; ती प्रवाहाबरोबर वाहतात आणि साधारण दिवसभरात त्यांतून पिले बाहेर पडतात. पिले खाली वाहून जाणार, म्हणून आईबापांनी आधी वर जायचे, असा हा हिशेब आहे.

प्रवाहाशी असलेले हे नाते इतके घट्ट आहे की साठलेल्या तळ्यात हे मासे सहसा वीतच नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली, तेव्हा कोठे मत्स्यबीजाची अडचण सुटली.

नदीतल्या माशाला मात्र वाटच हवी. बंधारा आडवा आला की ती तुटते. रपट्यावर अडकलेले मासे काठीने, मच्छरदाणीने सहज मिळतात, आणि पहिल्या पुराची ही लूट आपल्याला मौज वाटते. पण त्या एकेका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. मासे पकडणाऱ्या ढिवर बांधवांची पुढल्या वर्षाची मिळकत त्यातच दडलेली असते.

मासे खाऊ नयेत, असे मी म्हणत नाही. पहिल्या पुरात त्यांना वर जाऊ द्यावे आणि उन्हाळ्यात एखादा डोह राखावा, एवढेच माझे मागणे आहे.