पेढीचे टेलिफोन एक्स्चेंज सुरूच होत नसेल तर काय करावे?

हातोहाती मोबाईल आले, तरी आम्हा कापडवाल्यांच्या पेढीवरून टेलिफोन एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्स, गेलेले नाही. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, ज्यांची पेढी, लूम खाते व गोदाम एकाच आवारात आहे, त्यांचे काम इंटरकॉमवरच चालते. गिऱ्हाइकाला पेढीचा एकच नंबर ठाऊक असतो. तो लागला नाही की ऑर्डर शेजारच्या पेढीवर जाते. अशा वेळी मिस्त्री येऊन "मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या" असे सांगतो आणि आम्ही घाईत मान डोलावतो. परंतु तो दर वेळी गेलेला असतोच असे नाही. म्हणून खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

प्रथम यंत्र सुरू कसे होते ते समजून घेऊ. पॉवर सप्लाय २३० व्होल्टची वीज घेऊन ती कमी व्होल्टच्या डीसीत बदलतो. ही वीज मुख्य कार्डाला मिळते. ते कार्ड मेमरीतून प्रोग्राम वाचते, बाकीची कार्डे तपासते आणि मगच डायल टोन येतो. काही मशीनला याकरिता दोन-चार मिनिटे लागतात. तेवढ्यात स्विच बंद-चालू करीत बसू नये.

एकही दिवा लागत नसेल तर दोष विजेकडे शोधावा. त्याच सॉकेटात दुसरे काही लावून पाहावे. फ्यूज, एमसीबी, स्टॅबिलायझर, यूपीएस पाहावे. एवढे करूनही मशीन निपचितच राहिले तर पॉवर सप्लायचा संशय घ्यावा. तो बऱ्याच मशीनमध्ये वेगळा बदलता येतो. त्याचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये वीज राहते.

दिवा लागून विझत असेल किंवा टकटक आवाज येत असेल, तर पुढे कोठेतरी शॉर्ट असून पॉवर सप्लाय स्वतःला वाचवीत असतो. प्रथम बॅकअपची बॅटरी सोडवून केवळ विजेवर चालवून पाहावे. खराब बॅटरी चांगल्या मशीनलाही खाली ओढते. मग मशीन बंद करून बाहेरच्या लाइनी व एक्स्टेन्शनच्या तारा काढाव्यात. विजांच्या पावसात तारेतून आलेला झटका लाइनचे कार्ड जाळतो. मशीन मोकळे असताना सुरू झाले तर एकेक तार, एकेक कार्ड परत लावावे. ज्याने ते अडेल तोच दोषी. कार्ड काढताना व लावताना स्विच बंदच हवा. ज्या लहान मशीनची कार्डे निघत नाहीत, तेथे तारा काढण्यापुरतेच करावे.

दिवे स्थिर आहेत पण डायल टोन नाही, असे असेल तर प्रोग्राम वाचताना मशीन अडले आहे. अचानक वीज गेल्याने मेमरी बिघडू शकते. येथे रिसेटचे बटण दाबण्याचा मोह आवरावा. काही मशीनमध्ये त्याने सारी मांडणी पुसली जाते आणि कोणता नंबर कोणत्या खात्याचा, हे नव्याने भरावे लागते. कोणता दिवा कोणत्या रंगाचा, किती वेळा लुकलुकतो, हे कागदावर लिहून जाणकार इंजिनिअरला सांगावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा व बिलात त्याचे नाव लिहून घ्यावे.

दुखणे येऊच नये याची तजवीज स्वस्त पडते. मशीनला लूमच्या मोटारींपासून वेगळी वीजलाइन आणि चांगले अर्थिंग द्यावे. सुताचे बारीक तंतू आत बसून हवा कोंडते व उष्णता वाढते, म्हणून मशीन लूम खात्यापासून दूर ठेवावे आणि बंद करून वेळोवेळी साफ करवावे. प्रोग्रामची नक्कल पेन ड्राइव्हवर व एक्स्टेन्शनची यादी कागदावर ठेवावी. बाहेरची लाइन तांब्याच्या तारेची असेल तर एक साधा टेलिफोन तयार ठेवून प्रसंगी थेट तिला जोडावा. फायबर असेल तर मोडेमही इन्व्हर्टरवर घ्यावा. म्हणजे मशीन दुरुस्तीला गेले तरी पेढीचा नंबर बंद पडणार नाही.