फुटांपलीकडची कृष्णा

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ १९२९ साली बांधलेल्या या पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले. मळीतल्या घरांनी कधी सामान हलवायचे, ते याच आकड्यावर ठरते. पण फूट ही पाण्याची उंची झाली. दर सेकंदाला किती पाणी वाहते आहे, म्हणजे विसर्ग किती, हे पट्टीवर लिहिलेले नसते. ते नदीवर जाऊन मोजावे लागते आणि माझ्या मते जलशास्त्रातले सर्वांत कष्टाचे काम हेच आहे.

केंद्रीय जल आयोगाचे कर्मचारी कुरुंदवाडसारख्या केंद्रांवर हे काम करतात. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नदीचे उभे भाग पाडायचे. प्रत्येक भागात खोली घ्यायची आणि फिरत्या वाट्यांचा प्रवाहमापक पाण्यात सोडायचा. वाट्या ठरावीक वेळात किती फेरे घेतात, त्यावरून वेग निघतो. तळाशी पाणी घर्षणाने मंदावते. म्हणून उथळ जागी पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर एकच मोजणी पुरते. खोल जागी दोन दशांश आणि आठ दशांश खोलीवरच्या वेगांची सरासरी घेतात. प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे विसर्ग. कागदावर हे सोपे आहे. पुरात मात्र माशाच्या आकाराचे जड वजन बांधूनही यंत्र प्रवाहाबरोबर तिरके ओढले जाते आणि वाहत येणारी झाडे, केंदाळ दोरात अडकतात. नाव घालणे अशक्य झाले, तर तरंगता पदार्थ सोडून त्याचा वेग घ्यावा लागतो. पृष्ठभागावरचा वेग सरासरीपेक्षा बहुधा जास्त असतो, म्हणून तो साधारण ०.८५ने गुणतात.

अशा पुष्कळ मोजण्यांतून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो. पुढे नुसती पातळी वाचली, तरी विसर्ग सांगता येतो. सांगलीच्या खाली मात्र हा हिशेब बिघडतो. हरिपूरला वारणा मिळते, नरसोबावाडीला पंचगंगा. त्या फुगल्या की कृष्णेचे पाणी मागे तुंबते आणि पातळी चढते, पण विसर्ग त्या प्रमाणात वाढलेला नसतो. हाच तो फुगवटा. त्यातून पूर चढताना पाण्याचा उतार अधिक असतो, उतरताना कमी. त्यामुळे एकाच फुटाला चढत्या पुरात जास्त पाणी वाहते आणि ओसरत्या पुरात कमी. म्हणूनच पुराच्या बातमीत फुटांबरोबर त्या ठिकाणचा विसर्गही यायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

पात्राचा खडबडपणा हाही या हिशेबाचा भाग आहे. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने १८८९मध्ये मांडलेल्या, प्रवाहाचा वेग काढण्याच्या सूत्रात त्यासाठी गुणांक येतो. स्वच्छ, सरळ नैसर्गिक पात्राला तो ०.०३च्या आसपास, दाट झुडपांच्या पूरमैदानाला ०.१पर्यंत. काठाबाहेर पडलेले पाणी उभ्या उसात शिरले की ते मंदावते, आणि तेवढेच पाणी वाहून न्यायला नदीला जास्त उंची लागते.

पाऊस सरला की आडवे छेद पुन्हा घ्यावे लागतात, कारण पुराने कुठे तळ खरवडलेला असतो, तर कुठे गाळ टाकलेला असतो. जुन्याच छेदावर नवा वेग गुणला, तर उत्तर चुकणारच.

अशा नोंदी किती मोलाच्या, हे कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने दाखवून दिले. विजयवाडा येथील १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या प्रवाहाची मालिका आधाराला घेऊन लवादाने कृष्णेचे ७५ टक्के भरवशाचे पाणी २०६० टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट धरले. महाराष्ट्राचा ५६० टीएमसीचा मूळ वाटा त्याच पाण्यातून पडला.