भाजीच्या मळ्यातील राखणदार

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले चंडीगढ हे पंजाब व हरियाणा या दोन राज्यांच्या राजधानीचे शहर होय. त्याच्या भोवतालच्या प्रदेशात हिवाळ्यात कोबी, फुलकोबी, मुळा व मोहरी ही पिके घेतात आणि याच दिवसांत त्यांच्यावर मावा पडतो. मावा हा टाचणीच्या डोक्याएवढा मऊ कीटक असून तो पानात सोंड खुपसून रस शोषतो. त्याच्या माद्या नराशिवाय थेट पिलांना जन्म देतात आणि ही पिले आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. मग एवढ्या झपाट्याने वाढणारी ही कीड सर्व मळे गिळून का टाकीत नाही?

याचे उत्तर त्याच पानावर सापडते. तांबड्या पाठीवर सात काळे ठिपके असलेला ढालकिडा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची मादी माव्याच्या थव्याजवळ पिवळ्या, उभट अंड्यांचे पुंजके घालते. त्यांतून बाहेर पडणारी अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची व दिसावयास काहीशी भयंकर असते. कित्येक शेतकरी तिलाच कीड समजून चिरडतात. वस्तुतः वाढ पुरी होईपर्यंत ती शेकडो मावे फस्त करते. क्रायसोपा व सिर्फिड माशी यांच्या अळ्याही हेच काम करतात. अशा कीटकांना परभक्षी म्हणतात.

परजीवी कीटकांची रीत निराळी आहे. अतिशय बारीक अशी एक गांधीलमाशी माव्याच्या शरीरात अंडे घालते. आतील अळी माव्याला पोखरून खाते व मावा फुगून तपकिरी कवचासारखा होतो.

या मित्रांचे मोल पंजाबने एका संकटात अनुभविले. १८९८ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथून प्रथम वर्णिलेला एक पिठ्या ढेकूण २००५ च्या सुमारास भारतात आढळला आणि २००७ मध्ये त्याने पंजाबातील कपाशीची मोठी हानी केली. भेंडी, वांगी व टोमॅटो यांच्यावरही तो जगतो. अंगावरील मेणकट पिठामुळे फवारलेले औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. पुढे या ढेकणांची तांबूस, कडक कवचे होऊ लागलेली दिसली. त्यांच्या आत एक लहानशी परजीवी माशी वाढत होती. कोणीही मुद्दाम न आणता ती शेतांत आली होती. २००९ मध्ये मोहम्मद हयात यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला बंबावाले या शास्त्रज्ञांच्या नावावरून एनासियस बंबावालेई हे नाव दिले. ही जात पूर्वीच एनासियस ॲरिझोनेन्सिस या नावाने ज्ञात होती, असे नंतर ठरले.

तथापि या राखणदारांनाही मर्यादा आहेत. मावा थंडीतही वाढतो. ढालकिडा मात्र ऊब वाढल्यावर अधिक चपळ होतो, म्हणून तो उशिरा पोचतो. नेमक्या याच वेळी सर्व कीटकांना मारणारे विष फवारले, तर मित्र व शत्रू दोघेही मरतात. उरलेले मावे आठवड्याभरात पुन्हा वाढतात; ढालकिड्याची नवी पिढी तयार होण्यास मात्र तीन-चार आठवडे लागतात. परिणामी पहिल्यापेक्षा मोठी लागण होते, पुन्हा फवारावे लागते आणि विषाचा अंश भाजीबरोबर घरोघरी पोचतो.

यास्तव फवारणीपूर्वी शेतातील काही झाडे निरखून माव्यांबरोबर ढालकिडे, त्यांच्या अळ्या व तपकिरी कवचेही मोजावीत. ती पुरेशी आढळल्यास काही दिवस धीर धरावा. फार माखलेली पाने तोडून नष्ट करावीत. बांधावर कोथिंबीर वा बडीशेप फुलू द्यावी, कारण सिर्फिड माशा त्यांच्या फुलांवर पोसतात.

विद्यार्थ्यांना हा प्रयोग शाळेतही करता येईल. मावा असलेले पान एका बाटलीत ठेवावे, मावे मोजावेत, ढालकिड्याची एक अळी सोडावी आणि तोंडाला विरळ कापड बांधावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणी करावी. जी संख्या कमी भरेल, ती या मुक्या राखणदाराची एका दिवसाची मजुरी होय.