जिवाणूंच्या आनुवंशिकतेची तीन दशके : १९२८ ते १९५९

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत आनुवंशिकीचा अभ्यास वाटाणा, मका आणि फळमाशी यांच्यावर चालत असे. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले होते, आणि कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवरील जनुकांचे नकाशे काढायला सुरुवात केली होती. जिवाणूंना या शास्त्रात जागा नव्हती. त्यांच्या पेशीत केंद्रक दिसत नव्हते, त्यांच्यात नर-मादी नव्हते, त्यामुळे संकर करून गुण मोजण्याची सोयच नव्हती. जिवाणूंना जनुके नसावीत, असे मत ज्युलियन हक्सली यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञाने १९४२ मध्येही मांडले होते. मात्र जनुक कशाचे बनलेले असते, या प्रश्नाचे उत्तर पुढच्या दहा वर्षांत जिवाणूंकडूनच मिळाले.

त्याची सुरुवात त्याआधीच, १९२८ मध्ये, लंडनला झाली होती. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयात काम करणारे फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जिवाणूंचा अभ्यास करत होते. या जिवाणूच्या काही वाणांवर बहुशर्करेचे जाड आवरण असते. त्यांच्या वसाहती गुळगुळीत दिसतात आणि ते उंदराला मारतात, कारण आवरणामुळे पांढऱ्या पेशींना ते गिळता येत नाहीत. आवरण गमावलेल्या वाणांच्या वसाहती खरबरीत असतात आणि ते निरुपद्रवी असतात. ग्रिफिथ यांनी उष्णता देऊन मारलेले गुळगुळीत जिवाणू आणि जिवंत खरबरीत जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत गुळगुळीत जिवाणू सापडले.

पाठ्यपुस्तकात हा प्रयोग चार उंदरांच्या आकृतीत संपतो आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील अनेकदा गळतो. न्यूमोनियाच्या जिवाणूचे आवरणानुसार अनेक प्रकार आहेत. ग्रिफिथ यांनी जिवंत जिवाणू एका प्रकारातून आलेले आणि मेलेले दुसऱ्या प्रकारचे घेतले होते. रक्तात जे सापडले त्यांचे आवरण मेलेल्यांच्या प्रकाराचे होते. म्हणजे खरबरीत जिवाणूंनी स्वतःचे हरवलेले आवरण परत मिळवले, एवढ्यावर या निकालाचा उलगडा होत नव्हता. मेलेल्या पेशींतून काहीतरी जिवंत पेशींत गेले होते आणि तो बदल पिढ्यान् पिढ्या टिकत होता. याला परिवर्तन असे नाव मिळाले. ते काहीतरी काय आहे, हे ग्रिफिथ यांना कळले नाही. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी यांनी अनेक वर्षे याच जिवाणूवर काम केले होते. एक प्रकार दुसऱ्यात बदलतो, हे त्यांना सुरुवातीला पटले नाही. त्यांच्याच सहकाऱ्यांनी उंदराशिवाय, परीक्षानळीत परिवर्तन घडवून दाखवले आणि पुढे पेशी फोडून गाळलेल्या अर्कानेही ते घडते हे सिद्ध केले. मग एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी त्या अर्कातला कार्यकारी पदार्थ शोधायला घेतला. एकेका वेळी ५० ते ७५ लिटर जिवाणू वाढवून त्यांनी प्रथिने, बहुशर्करा आणि मेद एकेक करून बाजूला काढले. प्रथिने तोडणाऱ्या विकरांनी अर्काची शक्ती गेली नाही, आरएनए तोडणाऱ्या विकराने गेली नाही. डीएनए तोडणाऱ्या विकराने मात्र ती नष्ट झाली. शुद्ध केलेला पदार्थ ६० कोटी भागांत एक भाग इतक्या विरल प्रमाणातही परिणाम घडवत होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा एव्हरी ६६ वर्षांचे होते.

तरीही बरेच दिवस शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नाही. डीएनएमध्ये चारच बेस असतात आणि ते एका ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, अशी तेव्हाची समजूत होती, आणि ती रूढ करणारे फीबस लेव्हिन रॉकफेलर संस्थेचेच होते. इतक्या एकसुरी रेणूत इतकी विविध माहिती मावेल कशी? प्रथिनांत वीस प्रकारची अमिनो आम्ले असतात, म्हणून जनुक प्रथिनाचेच असणार, असे बहुतेकांना वाटे. एव्हरींच्या अर्कात उरलेल्या किंचित प्रथिनानेच परिवर्तन घडवले असावे, असा आक्षेप आल्फ्रेड मिर्स्की यांनी घेतला. एर्विन शारगाफ यांनी मात्र हा निष्कर्ष गंभीरपणे घेतला. वेगवेगळ्या सजीवांतले बेस मोजून त्यांनी चारांचे प्रमाण जातीनुसार बदलते, पण अॅडेनीन थायमिनइतके आणि ग्वानीन सायटोसिनइतके असते, असे १९५० मध्ये दाखवले. एव्हरी १९५५ मध्ये गेले. त्यांना नोबेल मिळाले नाही, आणि हा त्या पुरस्काराच्या इतिहासातला मोठा अन्याय मानला पाहिजे.

दरम्यान १९४३ मध्ये सॅल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी वेगळाच प्रश्न सोडवला. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर जिवाणुभक्षी विषाणू सोडला की बहुतेक पेशी मरतात, थोड्या वाचतात आणि त्यांची संततीही प्रतिरोधी असते. हा प्रतिरोध विषाणूच्या संपर्कामुळे येतो की आधीच उत्परिवर्तनाने आलेला असतो? लुरिया यांनी एकाच मोठ्या मिश्रणाऐवजी अनेक लहान नळ्यांत जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि शेवटी प्रत्येक नळीतल्या प्रतिरोधी पेशी मोजल्या. संपर्काने प्रतिरोध आला असता तर सर्व नळ्यांत आकडे जवळपास सारखे आले असते. प्रत्यक्षात पुष्कळ नळ्यांत एकही प्रतिरोधी पेशी नव्हती, तर एखाद्या नळीत शंभराहून अधिक होत्या. याचा अर्थ त्या नळीत उत्परिवर्तन विषाणू येण्याच्या कितीतरी आधीच घडले होते आणि त्या पेशीचा वंश वाढलेला होता. डार्विनची निवड जिवाणूंनाही लागू होते, हे त्यामुळे आकडेमोडीने सिद्ध झाले. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या कापडाने एका बशीतल्या वसाहतींचा ठसा दुसऱ्या बशीत उमटवून हेच थेट दाखवले.

जोशुआ लेडरबर्ग यांनी त्याआधी, १९४६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी एडवर्ड टॅटम यांच्याबरोबर जिवाणूंचा संकर घडवला होता. एका वाणाला मेथिओनीन व बायोटिन बाहेरून पुरवावे लागे, दुसऱ्याला थ्रिओनीन, ल्युसीन व थायामिन (ब-१ जीवनसत्त्व). दोन्ही एकत्र वाढवल्यावर सुमारे एक कोटीत एक पेशी यातले काहीही न मिळता वाढू लागली. दोन-दोन, तीन-तीन दोष एकाच वेळी उलटे फिरणे जवळपास अशक्य होते; जनुकांची देवाणच झाली होती. ही देवाण एकाच दिशेने होते, एक पेशी दाता आणि दुसरी ग्राहक असते, हे विल्यम हेझ यांनी दाखवले. हे आयरिश डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवेसाठी हिंदुस्थानात होते आणि जिवाणूंच्या संशोधनाची गोडी त्यांना तिथेच लागली. पाठोपाठ १९५२ मध्ये नॉर्टन झिंडर आणि लेडरबर्ग यांना जनुके वाहून नेणारा तिसरा मार्ग सापडला: विषाणू एका जिवाणूतला डीएनएचा तुकडा उचलून दुसऱ्यात नेतो.

त्याच वर्षी आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे प्रथिनाचा पक्ष जवळजवळ संपवला. प्रथिनात गंधक असते, डीएनएत नसते. डीएनएत फॉस्फरस असतो, विषाणूच्या प्रथिनात तो जवळपास नसतो. दोन्ही मूलद्रव्यांची किरणोत्सारी रूपे वापरून त्यांनी विषाणूचे दोन भाग खुणेने वेगळे केले. जिवाणूंना चिकटलेली विषाणूंची कवचे मिश्रकात घुसळून सोडवली, तेव्हा बहुतेक गंधक बाहेर राहिले आणि फॉस्फरसचा मोठा भाग जिवाणूंच्या आत गेलेला आढळला. काटेकोर रसायनाच्या दृष्टीने एव्हरींचा पुरावा याहून शुद्ध होता, तरी लोकांना हा पटला, कारण मधल्या आठ वर्षांत डीएनएविषयीचे मत बदलले होते. २५ एप्रिल १९५३ रोजी वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी सर्पिलाची रचना प्रसिद्ध केली. तिला रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार होता, आणि शारगाफ यांच्या प्रमाणांचा अर्थही तिच्यामुळे लागला.

जिवाणूंमधली जनुकांची देवाण प्रयोगशाळेपुरतीच आहे, अशी समजूत फार काळ टिकली नाही. युद्धोत्तर जपानमध्ये हगवणीचे जिवाणू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना एकाच वेळी दाद देईनासे झाले. चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकदम घडणे संभवत नव्हते. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा या जपानी संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवले की ही चारही औषधांची प्रतिरोधकता ई. कोलाय आणि हगवणीचा जिवाणू यांच्यात, पेशींच्या निव्वळ संपर्काने, एकत्रच जाते. ती वाहून नेणाऱ्या डीएनएच्या स्वतंत्र वर्तुळांना आज प्लाझ्मिड म्हणतात, आणि रुग्णालयांतल्या जिवाणूंमध्ये बहुऔषधरोधकतेचा प्रसार बऱ्याच अंशी याच मार्गाने होतो.