टेनिस एल्बो : कष्ट करणाऱ्या हातांचा आजार

धुणे पिळताना, पोळ्या लाटताना किंवा साधा चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते का? हा 'टेनिस एल्बो' असू शकतो.

2004 मध्ये सचिन तेंडुलकरला हा त्रास झाला, पुढच्या वर्षी शस्त्रक्रियाही झाली आणि हे नाव घरोघरी पोहोचले. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांनी कधी रॅकेट धरलेली नसते. रंगारी, सुतार, प्लंबर, सफाई कामगार, शिवणकाम व घरकाम करणाऱ्या महिला यांना तो होऊ शकतो. वय साधारण 35 ते 55.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला दोरीसारख्या कंडरेने जोडलेले असतात. मूठ घट्ट आवळली की कंडरेवर ताण येतो. तेच काम रोज होत राहिले, तर झीज जास्त आणि भरपाई कमी होते. म्हणून केवळ वेदनाशामक गोळीने हा आजार मुळातून बरा होत नाही.

हात पूर्ण बंद ठेवू नका, कामाची पद्धत बदला. वजन उचलताना तळवा वरच्या दिशेला ठेवा. कपडे न पिळता निथळत ठेवा. अवजाराच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा. दुखल्यास कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावा.

खरा उपचार व्यायाम. हात टेबलावर ठेवा, तळवा खाली आणि मनगट कडेबाहेर. हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरा. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्या, मग आधार सोडून पाच अंक मोजत सावकाश खाली आणा. असे दहा वेळा करा. थोडे दुखले तर चालेल, दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर वजन कमी करा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. मात्र वर्षभराने पाहिले तर इंजेक्शन न घेतलेले रुग्ण अधिक बरे असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. रोजी बुडू नये म्हणून घाईने सुई घेण्यापूर्वी हे डॉक्टरांशी बोला. बहुतेकांना वर्षभरात शस्त्रक्रियेविना आराम पडतो.

बोटांना मुंग्या, कोपराला सूज, ताप किंवा पडल्यानंतरचे दुखणे असेल, तर घरी थांबू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीची सोय असते, तिचा लाभ घ्या. ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांनी हात आधी जपला पाहिजे.