स्विंग चेंडूचा, आधार मनगटाचा

टेनपिन बोलिंगचे अनेक खेळाडू मनगट वाकू नये म्हणून त्याला आधारपट्टा बांधतात. क्रिकेटमध्ये हाताला वा बोटांना संरक्षक काही बांधायचे तर पंचांची संमती लागते. वेगवान गोलंदाजाच्या मनगटाने स्वतःच ताठ राहावे, हीच अपेक्षा असते. त्यावरच चेंडूचा स्विंग अवलंबून असतो.

पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यातील मुलांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. शार्दूल ठाकूर मूळचा पालघरचा, बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराचा विद्यार्थी. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध त्याने ७८ धावा काढून ५ बळी घेतले, तेव्हा त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांची नजर त्याच्यावर पडली. पालघरहून रोजचा रेल्वेप्रवास अवघड, म्हणून लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्ग कसोटीत त्याने ६१ धावांत ७ बळी घेतले. तो काही तुफानी वेगाचा गोलंदाज नव्हे, हे येथे लक्षात घेण्याजोगे.

नव्या चेंडूची शिवण किंचित तिरकी ठेवली की शिवणीच्या बाजूची हवा खळबळते आणि चेंडूच्या पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून राहते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. या फरकामुळे चेंडू शिवणीच्या रोखाने वळतो. शास्त्रज्ञ रवींद्र मेहता यांनी १९८० च्या दशकात वायुबोगद्यात याचा अभ्यास केला. (शाळेत ते इम्रान खानच्या जोडीने गोलंदाजी करीत!) शिवणीचा कोन सुमारे २० अंश आणि वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर असताना स्विंग सर्वाधिक मिळतो, असे त्यात आढळले. म्हणजे केवळ वेगाच्या मागे धावणारा मुलगा स्विंग गमावूनही बसू शकतो.

मात्र शिवण हवेत डगमगली तर हे सारे व्यर्थ. ती स्थिर राहते चेंडूच्या उलट्या फिरकीमुळे, आणि ही फिरकी देतात शेवटच्या क्षणी चेंडूच्या मागून खाली येणारी बोटे. मनगट चेंडूच्या थेट मागे असेल तरच बोटे शिवणीवरून सरळ उतरतात. ते बाजूला कलंडले की बोटे चेंडूला कापत जातात आणि शिवण भोवऱ्यासारखी डुलते. पहिली दोन बोटे शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली शिवणीवर, आणि आऊटस्विंगसाठी शिवणीचे तोंड स्लिपकडे, एवढी पकड बहुतेकांना ठाऊक असते. गफलत होते ती सोडताना.

ती दुरुस्त करण्यास खेळपट्टीही लागत नाही. जुन्या चेंडूच्या शिवणीवर खडूने रेघ ओढावी, धाव न घेता आठ-दहा पावलांवरच्या मित्राकडे टाकावा आणि त्याने रेघ सरळ दिसते की थरथरते, एवढेच सांगावे. शिवण सलग सरळ जाऊ लागली की अंतर वाढवावे, मग दोन पावलांची धाव, शेवटी पूर्ण धाव. घाई केली की जुनी खोड परतते.

हाताच्या पुढच्या भागाची ताकद वाढविण्यासाठी ओला टॉवेल पिळणे, हलके वजन घेऊन मनगट वर-खाली करणे पुरते. मनगट दुखत असेल तर पट्टी बांधून गोलंदाजी करू नये. विश्रांती घ्यावी आणि दुखणे टिकले तर अस्थितज्ज्ञाला दाखवावे.